कागदावरचं वय आणि अंगाचं वय

नांदेड जिल्ह्यात माणसाचं खरं वय ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो आमचा भूलवाला डॉक्टर होता. मी सर्जन. माझ्या दवाखान्यात वीस वर्षं त्यांनीच भूल दिली. त्यांच्याविषयी लिहायचं मी आजवर टाळलं, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं तर मधे मीही येतो. आता पंच्याहत्तरी उलटली, आता टाळण्यात अर्थ नाही.

कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. आमच्या भागात निम्म्या लोकांचा जन्म एक जूनचा असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख लिहून मोकळे होत. "एका दिवसात एवढी बाळंतपणं करायला सुइणी आणल्या कुठून?" असं ते आधार कार्ड बघत गंभीरपणे विचारायचे. मग कार्ड बाजूला ठेवून पेशंटच्या हाताची कातडी चिमटीत धरायचे आणि ती किती वेळात खाली बसते ते बघायचे. त्याला जिना चढायला लावायचे, स्वतःही मागून चढायचे, आणि बहुतेक वेळा धाप त्यांनाच लागायची. लोह्याचा एक म्हातारा ऐंशीचा होता, पण दुसऱ्या मजल्यावर पोचून वरून त्यांनाच म्हणाला, "या की डॉक्टर, दमलाव का?" त्याच्या केसपेपरवर यांनी लिहिलं, 'अंगाने पासष्ट'.

म्हाताऱ्या अंगाला भुलीचं औषध कमी लागतं, आणि ते चढतंही सावकाश, हे डॉक्टरकीच्या पुस्तकात असतंच. यांनी तो धर्मच करून टाकला होता. थोडं द्यायचं आणि वाट बघायची. लग्नाच्या पंगतीतही शेजाऱ्याचा हात बघून ते मनातल्या मनात औषध ठरवत असावेत. माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवशी पेढा घेताना माझा हात चिमटीत धरून म्हणाले, "साहेब, तुम्हाला मी कमीच देईन. अंग पासष्टचं झालंय." मी आठ दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

नऊ वर्षांपूर्वी मुखेडकडच्या एक मावशी आतड्याच्या ऑपरेशनला आल्या. आधारवर वय बावन्न. यांनी नेहमीसारखं विचारलं, "मावशी, किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा घरात कोण कोण होतं?" त्या म्हणाल्या, "नात व्हती ना पाळण्यात. समदे तसेच पळाले, म्या पाळणा उचलून पळाले." भूकंप त्र्याण्णवचा, आणि तेव्हाच या आजी; डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की या सत्तरच्या खाली नाहीत, मी निम्मंच देणार.

त्या दिवशी माझ्या तीन केसेस होत्या आणि पहिलीलाच उशीर झाला होता. औषध दिलं तरी मावशींचे डोळे उघडेच. डॉक्टर नाडीवर बोटं ठेवून उभे. मी म्हणालो, अजून जाग्याच आहेत. ते म्हणाले, "थांबा साहेब. रक्त सावकाश चाललंय त्यांचं." दोन्ही सिस्टरांच्या देखत मी म्हणालो, "तुम्ही भूल देता का पंचांग बघता? आधारवर बावन्न आहे. उरलेलं द्या."

सिस्टर हसल्या. डॉक्टरांनी उरलेलं दिलं.

मिनिटभरात आधीचं आणि नंतरचं औषध एकदमच चढलं आणि मावशींचं बीपी घसरलं. ते सावरायला यांना दोन तास लागले. तेवढ्या वेळात माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मावशी वाचल्या, पण मुलाला ओळखायला त्यांना तिसरा दिवस उजाडला. मुलानं विचारलं, "काय झालं साहेब?" मी म्हणालो, "भूल जरा जास्त झाली." डॉक्टर शेजारीच उभे राहून बीपीचा पट्टा गुंडाळत होते. गुंडाळून झालेला पट्टा त्यांनी सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

बातमी गावात फिरली. वर्षभरात बाकीच्या दवाखान्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं आणि ते लातूरला मुलीकडे राहायला गेले. मी कुणालाही काही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. मुलीचा फोन आला आणि मी सकाळच्या बसनं लातूर गाठलं. बसमध्ये एकच वाक्य घोकत होतो. पोचलो तेव्हा स्ट्रेचरवर पडल्या पडल्या ते भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरणीला आपला हात चिमटीत धरायला लावत होते. "आधारवर जाऊ नका बाई. एक जूनवाला आहे मी. थोडं द्या आणि वाट बघा." ती हसून हो म्हणाली, आणि तिनं खरंच वाट बघितली असावी, कारण सगळं नीट पार पडलं.

नंतर मी त्यांच्या खाटेपाशी बसलो. डोळे मिटलेलेच होते. मी म्हणालो, "मुखेडच्या त्या मावशी..." त्यांनी हात जरासा उचलला. "थांबा साहेब. अजून पुरतं उतरलं नाही."

या वेळी मी थांबलो. त्यांना पुन्हा झोप लागली. संध्याकाळी शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हाही ते झोपलेलेच होते. परत येईन असं मुलीला सांगून मी निघालो. दिवाळीनंतर तिचा फोन आला, की बाबा गेले.

बसमध्ये घोकलेलं ते वाक्य असं होतं: डॉक्टर, तुम्ही थांबा म्हणाला होतात, द्यायला मी लावलं, मला माफ करा.