कांताबाईंकडे मेलेली झाडं

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे वासुदेवराव, यांना निरोगी झाडाचं काडीचं कौतुक नाही. सिंदी रेल्वेतल्या आमच्या नर्सरीत येऊन कुणी "गुलाब मस्त फुलला जी" म्हटलं, की ते "बरं झालं" म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. पण "पानं पिवळी पडून राह्यली" म्हणा, लगेच खुर्ची येते, चहा येतो आणि मामाजींचं तोंड सुरू होतं. सासूबाई गेल्यापासून तर आजारी झाडं हाच त्यांचा गोतावळा.

मागच्या पावसाळ्यात हिंगणीच्या कांताबाई आल्या. निवृत्त शिक्षिका, यजमान कधीचेच वारलेले, बोलणं मोठं गोड. जास्वंद घेऊन गेल्या आणि महिन्याभरात परत हजर.

"मेली जी."

"पानी जास्त झालं असन," मामाजींनी खुर्ची पुढे केली. "दोन पेरं बोट मातीत घालून पाहाजा. ओलं लागलं तं पानी नाई."

हिवाळ्यात गुलाब नेला, तोही मेला. कलमाच्या खालून फुटलेला फोक, म्हणजे रानटी फांदी, कापायचा राहिला असेल, असं निदान झालं. उन्हाळ्यात मोगरा मेला, तेव्हा हिरवी जाळी कशी बांधायची यावर दुपार गेली. कांताबाई मन लावून ऐकत, मध्येच हसत. मला मात्र खटकत होतं, हिंगणीजवळच्या सेलूतल्या नर्सऱ्या सोडून ही बाई बस बदलून इथवर येते कशाला?

या पावसाळ्यात मामाजींनी स्वतः निवडून शेवंती दिली. शेंडे खुडून दाखवले, म्हणजे झाड पसरतं. वर म्हणाले, "हे मेलं तं मी कोनाले सल्ला देनार नाई."

दिवाळीनंतर कांताबाई आल्या आणि चाचरत म्हणाल्या, "मेली जी."

झालं. मामाजी खरंच गप्प झाले. लोक कुंड्या उचलून आणत, तर म्हणत, "मले नाई समजत." जेवणात लक्ष नाही, झोप नाही. घरात सुतक पडल्यासारखं. माझं डोकं फिरलं. निंबोळी पेंडीच्या खताची थैली मामाजींच्या हातात दिली, त्यांना स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट हिंगणी गाठली.

"चला, त्या शेवंतीची माती पाहू," मी म्हटलं.

फाटक ढकललं आणि मामाजी जागीच थांबले. भिंतीला लागून जास्वंद लालेलाल. गुलाब खांद्याएवढा. मोगरा गच्च हिरवा. आणि ओट्याभोवती शेवंती अशी फुललेली, की पान दिसेना. कांताबाई पाण्याचा पाइप हातात धरून उभ्या. पाणी त्यांच्याच पायावर पडत होतं, त्यांना पत्ता नव्हता.

"हे तं जिते हायेत," मामाजी म्हणाले.

"हो जी."

"मग खोटं काऊन सांगतलं?"

कांताबाईंनी पाइप खाली ठेवला. "जितं म्हटलं असतं तं तुमी 'बरं झालं' म्हनून दुसऱ्याकडं वळले असते. मेलं म्हटलं तं घंटाभर माह्याशी बोलता."

मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मामाजी मात्र एकेका झाडापाशी वाकून रोग शोधू लागले. एक किडलेलं पान, एखादा मावा, काहीतरी. कुठेच काही सापडेना. कान तांबडे झालेले. अख्ख्या अंगणाला फेरी घालून ते कांताबाईंसमोर येऊन उभे राहिले.

"आता मी कोनत्या बहान्यानं येऊ?"

"बहाने माहे झाले तेवढे पुरे," त्या म्हणाल्या. "तुमी तसेच येजा."

मामाजी ओट्यावर बसले. हातातली थैली मांडीवर घेतली. मी म्हटलं, "मामाजी, निघायचं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू जाजो मंजुषा," ते म्हणाले, "मले वेळ लागन."