पत्त्याची चिठ्ठी

डॉक्टरांना स्मरणशक्ती दाखवायला आम्ही बाबांना नेलं होतं, मला नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

तीस वर्षं गिरणीत चार मागांमधून ये-जा करणारे बाबा संपानंतर लालबागच्या आमच्या चाळीत खुर्चीत बसले, ते बसलेच. पुढे विसरायला लागले. एकदा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला. एकदा माझ्या बायकोला त्यांनी माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. घरात कोणी हसलं नाही. (बायको तर अजिबातच नाही.) डॉक्टर म्हणाले, रोज भरभर चालू दे त्यांना; व्यायामाने मेंदूही टिकायला मदत होते असं दिसतं, हमी मात्र नाही.

हमी मी घेतली. "यांना विसरायला होतं. कृपया घरी पोचवा," अशी पत्त्यासकट चिठ्ठी लिहून बाबांच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशात ठेवली आणि सकाळी त्यांना घेऊन निघालो. घाईत तोच शर्ट मी माझा समजून चढवला होता, हे काही लक्षात आलं नाही.

बाबा सुटले ते गिरणीचा भोंगा झाल्यासारखे. हिंदमाताला पोचेपर्यंत ते गर्दीत दिसेनासे झाले. मला घेरी आली आणि मी एका साडीच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. वारा घालायला आलेल्या बाईंना खिशातली चिठ्ठी दिसली.

मी धापा टाकत सांगितलं, विसरतात ते माझे बाबा, मी त्यांनाच शोधतोय. बाईंनी दुकानदाराकडे पाहिलं. मग मायेने विचारलं, "काका, आज वार कोणता?"

मी म्हणालो, मंगळवार.

बुधवार होता.

टॅक्सीत त्या माझा हात घट्ट धरून बसल्या. बाबा कुठे भरकटले असतील म्हणून मी खिडकीतून दोन्ही फुटपाथ न्याहाळत होतो. चाळीच्या दारात आई उभी होती. तिने एवढंच विचारलं, "बाबा खंय?" आणि मला रडू फुटलं. बाईंनी आईला हळूच सांगितलं, जपा हो यांना.

बाबा तासाभराने आले, थेट माटुंग्याहून, भाजी घेऊन. वाटेत भेटलेल्या गिरणीतल्या तीन सोबत्यांची नावं-गावं त्यांनी घडाघडा सांगितली.

विसरणं थांबलंय असं नाही, पण चालणं सुटलेलं नाही. आता रोज तेच मला नेतात. रस्ता ओलांडताना माझं मनगट धरतात आणि ओळखीचं कोणी भेटलं की आपल्या मुलाबद्दल आवाज उतरवून सांगतात, "झील माझो. डॉक्टरान चलाक सांगितलाहा."