प्रूफकाकांनी खोडलेल्या ओळी

"पहिलंच घ्यायचं. विषय संपला."

"संपला कसा, काका? दुसरं तुम्ही धड उघडूनही बघितलं नाहीत!"

"बघितलं. नको तितकं दाखवतं ते."

"कोणी काय लिहिलं, कोणी काय बदललं, एवढंच तर दाखवतं! आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

प्रूफकाकांनी चष्मा पुसायला घेतला. पुतणीला ही खूण लहानपणापासून ठाऊक होती. काकांचा चष्मा नेहमी स्वच्छ असतानाच पुसला जाई.

भांडण ब्लॉगवरून होतं. घरातलं अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणाऱ्यांची ही संस्था, आणि वाचनालयाची मागची खोली हे तिचं ऑफिस. सभासद आपले अनुभव लिहीत आणि ते एका फुकट साइटवर जात. मग एकीने वडिलांच्या धापेवर लिहिलेल्या लेखाखाली अंत्यविधीवाल्यांची जाहिरात झळकली, 'आगाऊ नोंदणीवर सूट!', आणि सगळ्यांचं डोकं फिरलं. आपलं लिखाण आपल्याच मशीनवर, असं ठरलं. पुतणीने टेबलाखाली जुना कॉम्प्युटर बसवला, प्लगवर 'हात लावाल तर याद राखा' अशी चिठ्ठी डकवली आणि ब्लॉग चालवायची दोन ओपन सोर्स सॉफ्टवेअरं त्यावर चालवून दाखवली. पहिलं हलकंफुलकं, सगळा कारभार एकाच माणसाच्या हाती. दुसऱ्यात प्रत्येकाचा स्वतःचा पासवर्ड, आणि प्रत्येक लेखाचे जुने मसुदे जपलेले, सगळ्या सभासदांना दिसणारे.

काकांची हयात छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. छापखाना बंद पडला आणि पाठोपाठ बायकोने अंथरूण धरलं. ती गेल्यावर काय करावं ते सुचेना, तेव्हा ते इथे आले. सभासद त्यांच्यासाठी लेख संस्थेच्या मेलवर पाठवत. 'काकांच्या हातून गेलं की आपलंच लिहिणं शहाण्याचं वाटतं,' असं लोक म्हणत. त्या कौतुकावरच ते अलीकडे तग धरून होते.

"दुसऱ्यात नमुन्याला तीन लेख घातलेत," पुतणी म्हणाली. "आधी मेलमधला मूळ, मग त्यावर तुमचा दुरुस्त केलेला."

काका चटकन पुढे झुकले. "मूळ कशाला घातलास?"

"खरे लेख घालून बघ, असं तुम्हीच म्हणालात की!"

तेवढ्यात शिवणवाल्या ताई आल्या. गळ्यात मोजपट्टी तशीच. घरी सासूबाई झोपून, म्हणून त्यांचं येणं नेहमी असं पळतपळत.

"ठरलं का स्थळ? दोघींतली कोणती पसंत?"

"बसा, ताई. तुमचाच लेख उघडलाय."

पडद्यावर एक ओळ लाल होती, खोडलेली. ताईंनी ती हळूहळू वाचली. "'त्यांचा श्वास ऐकत पडलेली असते तेव्हा वाटतं, थांबला तर बरं.'" त्या काकांकडे वळल्या. "साइटवर ही ओळ आली नाही तेव्हा मी ओळखलं, काकांनी आपल्याला दुष्ट ठरवलं. लाजेने विचारलंही नाही."

"तुमचे दीर वाचतात, नणंद वाचते. घरात महाभारत झालं असतं. तुमच्यासाठीच काढली, ताई."

पुतणीने पुढचा लेख उघडला. "शिपाईदादांचंही बघा. 'बाबा सुटले तर मी सुटेन.' खोडलंय. आणि या नर्सबाईंचं..."

ताईंनी पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. "यांनाही वाटतं? दर बैठकीला मी या दोघांच्या मधे बसते. वाटायचं, ही सगळी देवमाणसं, आणि मधे मी एक हडळ."

"मी फक्त भाषा सौम्य..."

"मीसुद्धा कपडे आवळते, काका. पण माणसाला समोर उभं करून!"

काका पुतणीवर उखडले. "आणि तू? त्या दोघांना विचारलंस, हे ताईंना दाखवू का म्हणून?"

पुतणीने माउस सोडला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही विचारलं," ती पुटपुटली. "विचारायला हवं होतं."

"बघ! म्हणून म्हणतो, पहिलंच घे. एकाच्या हातात असलेलं बरं."

"कोणाच्या?" ताईंचा आवाज आता खाली आला होता. "तुमच्या? एक विचारू, काका? काकू इतकी वर्षं झोपून होत्या. तुम्हाला नाही असं कधी वाटलं?"

टेबलाखाली कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. काकांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही, तसाच खिशात ठेवला. उठून खुर्ची टेबलाला सरळ लावली आणि ते दाराकडे निघाले.

"काका, चष्मा लावा! पुढे पायऱ्या आहेत!" पुतणी ओरडली.

ते पायऱ्या चाचपत उतरत गेले.