इंजिनाला हात लावायचा न्हाई

सोपान डायवर कॉम्प्युटर सुरू करायच्या आधी चपला दाराबाहेर काढायचा. मग कॉम्प्युटरच्या डब्याला हात लावून तो हात कपाळाला लावायचा, उदबत्ती ओवाळायचा आणि तेव्हा कुठं बटन दाबायचा. पडद्यावर लिंबू-मिरची टांगलेली. खेळायचं स्टेअरिंग लेकीनं आणून दिलेलं, त्याला यानं लाल मखमल अन् सोनेरी झालर शिवून घेतली होती. एवढा थाट करून माणूस जायचा कुठं? कुठंच न्हाई. खुर्चीत बसून खेळातला ट्रक हाकायचा. सत्तरीत.

शहागडला हमरस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानामागं त्याचं घर. शाळेनं मला चौथीत सोडलं, त्याचं मला काही वाटत न्हाई. या लिहिण्यात कुणी चुका काढू नयेत. चुका काढायला सोपान होता, तो गेला.

त्याचं एक वाक्य ठरलेलं होतं. "गाडी बिघडत नसती, डायवर बिघडतो." कुणाची गाडी रस्त्यात बंद पडलेली दिसली की हा उतरून मदत करायचा, पण आधी त्या डायवरला हे ऐकवायचा. मदत नको पण हे नको, असं लोकांना व्हायचं. स्वतःच्या हातातल्या गाडीचं इंजिन त्यानं जन्मात एकदाही खोलू दिलं न्हाई, असं तो सांगायचा. मला वाटतं, इंजिनालाच याची भीती असावी.

त्याची खरी गाडी सुटली ती अशी. डोळ्यांची तपासणी झाली, डॉक्टरनं नकाराची मान हलवली. गेवराईकडून मोसंबी भरून येत होता, घर दिसायला लागलं होतं, आणि मालकानं पुलापलीकडच्या पंपावरच किल्ली काढून दुसऱ्याला दिली. नवा डायवर म्हणाला, "बसा काका, घरापाशी सोडतो." हा कसला बसतोय! वळकटी काखेत मारली आणि गोदावरीचा पूल पायी तुडवत आला.

मी दुकानातून विचारलं, "का रे सोपान, पायी?"

"गोदामायचं दर्शन घेत आलो. गाडीतून बराबर होत न्हाई."

पुलावर नाणं फेकण्यापलीकडं उभ्या जन्मात नदीकडं न बघितलेला माणूस! मी हसलो. बरेच दिवस माझ्याशी बोलला न्हाई.

पुढं मोतीबिंदू काढला, नजर आली, पण गाडी काही परत मिळाली न्हाई. त्याची लेक सुनीता संभाजीनगरला फ्लेक्सची डिझाइनं करते. तिनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि जुना बापाला दिला, वर हा ट्रकचा खेळ घालून. कुणा हौशी माणसानं त्या खेळात आपला हमरस्ता काढलाय, आपल्या पुलासकट. सोपान रोज गेवराईकडून माल भरून निघायचा. पुलाच्या तोंडाशी आला की पडद्याशेजारच्या स्टीलच्या गिलासात खरंखुरं नाणं टाकून हात जोडायचा. आणि पुलाच्या मधोमध, जिथं बाकीच्या गाड्यांची गर्दी व्हायची, तिथं त्याचा ट्रक उचक्या देत देत गपकन थांबायचा. गोदामायनं टोल घ्यावा आणि सोडू नये, असं रोजचं. एकदाही त्याचा माल अलीकडं आला न्हाई. माणूस जेवणावरून उठायला लागला.

शेवटी आम्ही दोघं जालन्याला कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकानदार सांगून बघत होता, "काका, दोन वस्तू असतात. रस्त्यावरच्या बाकीच्या सगळ्या गाड्या प्रोसेसर हाकतो. ग्राफिक्स कार्ड चित्र रंगवतं. तुमच्या पैशात एकच होईल."

मी म्हटलं, "सोपान, सोपं आहे. प्रोसेसर म्हणजे इंजिन, कार्ड म्हणजे समोरची काच. तुझी गाडी चढाला दम टाकून राह्यली. इंजिन बदल."

झालं. सोपानचा चेहरा असा झाला, जशी काय मी त्याच्या खानदानावर चिखलफेक केली. "माझ्या गाडीचं इंजिन बसलं? माझ्या?"

"अरे, जुनंच आहे ते."

"इंजिन बदललं म्हंजे डायवरनं गाडी खाल्ली. लोकं काय म्हणतील? इंजिनाला हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई. काच द्या, काच!"

दुकानदार भला. म्हणाला, "घाई करू नका. घरी चित्राचा दर्जा उतरवून चालवून बघा. गाडी सुटली तर कार्ड कमी पडतंय. तरीबी अडकली तर प्रोसेसरच."

"म्हंजे माल उतरवून चढ चढायचा? रिकामी गाडी कुणीबी चढवतं. जल्दी कार्ड बांधा."

माझं काय चुकलं? इंजिनाला मी इंजिनच म्हणणार.

कार्ड बसलं. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. खोटं कशाला बोलू, गोदावरीचं पाणी चमकत होतं, पुलाच्या कठड्याचा गंज दिसत होता. सोपाननं गिलासात नाणं टाकलं, हात जोडले, पुलावर चढला, आणि मधोमध उचकी. ठप्प.

मी म्हटलं, "वा! आता अडकलेलं काय झकास दिसतंय रे."

"ट्रॅफिक आहे," सोपान म्हणाला. "दिसंना का तुला?"

सुनीता फोनवर सांगायची, "आप्पा, बाकीच्या गाड्या कमी करायची सोय आहे, मंग निघंल तुमची." तर हा म्हणायचा, "मोकळ्या रस्त्यावर म्हसबी चालती." ती प्रोसेसर घेऊन देते म्हणाली, तर यानं फोनच ठेवला. आणि रोज चपला काढून, उदबत्ती लावून, नाणं टाकून पुलावर जाऊन उभा राहायचा. मी रोज मागून विचारायचो, "सुटलं का ट्रॅफिक?" तो म्हणायचा, "सुटंल. तुला काय घाई?"

दिवाळीनंतर तो झोपेतच गेला. तेराव्याला सुनीतानं कॉम्प्युटर लावला. गाडी पुलावरच उभी. ती म्हणाली, "काका, बाकीच्या गाड्या काढते अन् आप्पांची गाडी अलीकडं आणते. एवढं तरी."

मी म्हटलं, "खबरदार. वरून उतरून येईल अन् दोघांनाबी ऐकवील."

तिनं मशीन बंद केलं. नाण्यांचा गिलास माझ्या हातात दिला. काठोकाठ भरला होता. रोजचा टोल भरलेला, आणि एकदाही पार न झालेला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गिलास घेऊन पुलाच्या मधोमध गेलो आणि सगळी नाणी गोदावरीत ओतली. मागं ट्रकांच्या रांगा हॉर्न मारत होत्या. ओळखीच्या एका डायवरनं मान बाहेर काढून विचारलं, "का हो काका, पायी?"

म्हटलं, "गोदामायचं दर्शन घ्यायला आलो. गाडीतून बराबर होत न्हाई."

तो हसला. मी बरेच दिवस त्याच्याशी बोललो न्हाई.