भिंतीवर मोठी झालेली महेक

चामोर्शीच्या कय्यूम पेंटरला इंग्रजीचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि तरी अर्ध्या जिल्ह्यातल्या पोरांना इंग्रजी सर्वनामं त्यानेच शिकवली. ही थट्टा नाही. कुरखेड्यापासून आलापल्लीपर्यंतच्या जवळपास चाळीस शाळांच्या भिंतींवर त्याच्या हातचा तक्ता आहे. आय, मी, माय, माइन. ही, हिम, हिज. शी, हर, हर्स. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक चेहरा, खाली एकेक वाक्य. अक्षर असं की छापखान्याने मान खाली घालावी.

स्वतः कय्यूम सातवीत दोनदा आपटलेला. पहिल्या तक्त्याचं काम आलं तेव्हा गुरुजींनी मजकुराचा कागद दिला आणि ते सुट्टीवर गेले. कागद पावसात भिजला. कय्यूमने घरी येऊन सात वर्षांच्या लेकीपुढे, महेकपुढे, हात टेकले. ती दुसरीत होती, पण इंग्रजीत चलाख. आठवेल तसं त्याने पाटीवर लिहिलं होतं: हिम इज पेंटर.

महेक पोट धरून हसली. "अब्बा, हिम काही करत नाई. काम करते तो ही. ज्याले आपण पाह्यतो तो हिम. अन् ज्याची वस्तू, तो हिज."

"अन् पोरीचं?"

"शी काम करते. तिले पाह्यलं का हर. तिचा डबा, हर टिफिन. डबा तिचाच हाय असं सांगाचं तर, द टिफिन इज हर्स."

दुसऱ्या दिवशी तो तिला मोटरसायकलच्या टाकीवर बसवून त्या शाळेत घेऊन गेला. ती पायरीवर बसली, त्याने 'शी'पुढे तिचा चेहरा काढला. दोन वेण्या, लाल रिबिनी, पुढचा एक दात पडलेला. 'हर्स' हा शब्द तिने हट्टाने स्वतः रंगवला. तेव्हापासून दर सुट्टीच्या दिवशी ती त्याच्या मागे पायरीवर बसायची आणि मान तिरकी करून म्हणायची, "अब्बा, खालची रेघ वाकडी हाय." रेघ बहुतेक वेळा वाकडी असायचीच.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत कय्यूम आलापल्लीपलीकडच्या एका जंगलातल्या शाळेवर कामाला गेला. महेकच्या अंगात कणकण होती म्हणून ती घरी राहिली. तिकडे फोनला रेंज नव्हती. कणकणीचा ताप झाला, ताप डोक्यात गेला, आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. निरोप एसटीच्या कंडक्टरबरोबर गेला आणि तोही दुसऱ्या दिवशी पोचला. कय्यूम घरी आला तेव्हा दफन होऊन चोवीस तास झाले होते. कय्यूमच्या धाकट्या भावाने, रईसने, बापाच्या जागी उभं राहून माती दिली होती.

माणूस मातीत ठेवला की जवळचे तीन मुठी माती देतात. तेवढंच हातात असतं. कय्यूमच्या हाताला तेवढंही लागलं नाही. तो कबरस्तानात गेला, ओल्या ढिगावर हात ठेवून बसला, पण आता माती टाकायची कशावर? लोक म्हणाले, सबर कर. सबर म्हणजे काय, हे सांगायला कोणी थांबलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने पुन्हा ब्रश धरला. मे महिना, शाळेला सुट्टी, सारं गाव तेंदूपत्त्याला जंगलात गेलेलं. आवारात चिटपाखरू नाही. 'शी'पुढे तो नेहमीचा चेहरा काढायला लागला, आणि पूर्ण झाल्यावर बघतो तर पोरीचा दात आलेला होता. त्याने काही ठरवून केलं नव्हतं. हाताने केलं. ती आठ वर्षांची दिसत होती. आणि त्याच वेळी पाठीमागून, पायरीवरून, त्याला स्पष्ट ऐकू आलं, "अब्बा, खालची रेघ."

कय्यूम वळला नाही. वळलो तर तिथे कोणी नसेल, एवढं त्याला कळत होतं. त्याने रेघ सरळ केली.

मग तेच सुरू झालं. दर वर्षी तीन-चार शाळा, आणि दर वर्षी महेक एका वर्षाने मोठी. नऊची, दहाची. बाराव्या वर्षी वेण्या दोनाच्या एक झाल्या. चौदाव्या वर्षी नजर खाली गेली. सोळाव्या वर्षी ती थेट आईसारखी, कनीजसारखी, दिसायला लागली आणि कय्यूम तो दिवस जेवला नाही. भिंतीकडे तोंड, आवाराकडे पाठ. पेंटरचा धंदाच तसा. मागे तिची चाहूल असायची, रिबिनीची सळसळ असायची, आणि मोठी झाल्यावर कधीकधी नुसता श्वास. त्याला भीती वाटायची, खोटं कशाला बोला. पण न येण्याची भीती त्याहून मोठी होती.

वाक्यांचंही एक झालं. 'शी'खाली काय लिहावं हेच त्याला सुचेना. शी काम करते, असं महेकने सांगितलं होतं. आता ती काय करते? ती वाचत नाही, धावत नाही. तिला आठवणारे मात्र आहेत, म्हणजे 'हर' आहे. तिचा ॲल्युमिनियमचा डबा घरात फळीवर आहे, म्हणजे 'हर्स' आहे. फक्त 'शी' उरली नव्हती. तरी तो दर वेळी लिहायचा, शी इज सिटिंग. कारण ती बसलेली असायची.

यातलं अवाक्षरही त्याने कनीजला सांगितलं नाही. कनीज शिवणकाम करी, घराबाहेर फार जात नसे. लेकीचा तिच्याकडे एकच फोटो, शाळेच्या दाखल्यापुरता, तोही दमटपणाने पुसट झालेला. नवऱ्याने चाळीस भिंतींवर लेक वाढवली आणि आईला त्याचा पत्ता नव्हता.

यंदाच्या एप्रिलमध्ये कुरखेड्याकडच्या शाळेतून नंदिनी मॅडमचा फोन आला. बाई मुख्याध्यापिका, बोलायला गोड. "कय्यूमभाऊ, आता सगळ्या शाळांत छापील फलक लागून राह्यले. तुमचे तक्ते काढा लागन. भिंत खरवडून, पुट्टी भरून गुळगुळीत करून द्या. दुसऱ्या पेंटरले सांगतलं तर तुमाले वाईट वाटन म्हून तुमालेच सांगून राह्यली. बाकी शाळावालेही तुमालेच सांगणार हायत." मग म्हणाल्या, "भाऊ, ते 'शी'वाली कोण होय? एकोणीस-वीस वर्षांची बाई दिसते. पोरी मधल्या सुट्टीत तिच्यासोबत बोलतात."

कय्यूम तीन वेळा गेला. रंग खरवडायच्या पत्र्याची धार भिंतीला लावली, की समोर लेकीचा गाल. तीन वेळा पुट्टीची बादली कालवून नेली आणि वाळून दगड झालेली परत आणली. तिसऱ्या वेळी कनीजने बादलीकडे बघितलं आणि मशीन थांबवलं.

"का होऊन राह्यलं तुमाले? एवढ्या वर्षांत पुट्टी कधी वाळू देल्ली नाई."

तो खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. पायरीवरच्या आवाजासकट. कनीज रडेल असं त्याला वाटलं होतं. ती भडकली.

"बारा वर्षं तुमी तिले पाहून राह्यले? अन् मी इथी त्या पुसट कागदावर बोट फिरवून राह्यली? मी कोणी नोहो तिची?"

रात्रभर दोघं एका खोलीत पाठीला पाठ लावून जागे राहिले, आणि उजाडताच कनीज डोक्यावर ओढणी घट्ट बांधून मोटरसायकलजवळ जाऊन उभी राहिली.

शाळेच्या आवारात मोहाच्या झाडाखाली एक कुत्रं झोपलेलं, बाकी सामसूम. कनीज भिंतीपुढे गेली. मग तिने चेहऱ्यावर नखाने हलकेच खूण केली.

"नाक नाई टोचलं तुमी तिचं. बाराव्या वर्षी टोचाले पाह्यजे होतं." मग ओठांकडे बोट नेऊन म्हणाली, "हसत नाई ते. मोठी झाल्यावर हसलीच नाई का?"

"मले हसू काढता नाई आलं," कय्यूम म्हणाला.

ती पायरीवर जाऊन बसली. त्याने भिंतीकडे तोंड केलं, पत्रा उचलला. मागे श्वास ऐकू येत होता. बारा वर्षांत पहिल्यांदा तो वळला. पायरीवर कनीज होती, आणि फक्त कनीज. पत्रा हातातून खाली पडला.

कनीज उठली. हापश्याजवळची ओली माती तिने ओंजळभर आणली आणि त्याच्यापुढे धरली.

"तुमी मिट्टी नाई देल्ली तिले. मले तर बाई म्हून कोणी कबरस्तानापर्यंतही जाऊ देल्लं नाई. घ्या."

"ही भिंत होय, कनीज."

"तुमीच तिले इथी ठेवलं. आता इथूनच सोडा."

त्याने मूठ भरली. ओठांत जे म्हणायचं ते म्हणत कपाळावर माती दिली. दुसरी मूठ डोळ्यांवर. तिसरी देताना त्याच्या घशातून आवाज फुटला आणि मोहाखालचं कुत्रं दचकून उठून गेलं. मग कनीजने दिल्या, तीन. तिने हात घाईने उचलला नाही. आंघोळ घालताना पोरीचा गाल धुवावा तशी तिने माती हनुवटीपर्यंत सारवली. चेहरा दिसेनासा झाला. मग कय्यूमने पत्रा चालवला. मातीबरोबर रंग निघाला, रंगाबरोबर अक्षरं निघाली, आणि दुपारपर्यंत भिंत कोरी झाली. पुट्टी भरून झाल्यावर त्याने खालची कड ओढली आणि सवयीने कान मागे दिला.

कोणी काही म्हणालं नाही. कड वाकडी होती. ती त्याने तशीच ठेवली आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला.

परतताना कनीजने त्याच्या खांद्यावर मातीचा हात ठेवला होता. तिने विचारलं,

"उद्या कितव्या वर्षाची?"

"अठराची. एकोणीसच्या दोन अजून बाकी हायत, पण रस्त्यात अठराची पयले लागते."

"असं करत करत सातवर येऊ आपण."

"हो."

"पयल्या सातवालीले तं ते स्वतः बसली होती ना समोर? दात पडलेला?"

"हो. हर्स तिनंच लिवलं तिथी." कय्यूमने गाडी हळू केली. "ते शाळा बंद पडली, कनीज. पटावर पोरंच नाई उरली. ते भिंत खरवडाले मले कोणी सांगतलंच नाई."

कनीजचा हात खांद्यावर घट्ट झाला.

"मंग तिथी पत्रा नका नेऊ," ती म्हणाली. "तिथी फक्त मले पायरीवर बसवजा."