छतावरचा नवा भात

माझ्या मुलाला भाड्याच्या खोलीतून हाकललं गेलं ते माझ्यामुळे, आणि मी फक्त भात शिजवायला घेतला होता.

मी अर्जुनी मोरगावचा निवृत्त मास्तर. मुलगा निखिल गोंदियाला. इंजिनिअर झाला, पण एका कंपनीत कंत्राटावर कॉम्प्युटरसमोर बसतो. दर अकरा महिन्यांनी त्याची नोकरी संपते आणि (साहेबांची मर्जी असली तर) पुन्हा सुरू होते. वय एकतीस. त्या वयात माझी नोकरी पक्की, दोन पोरं आणि घरावर स्लॅब! हे मी त्याला दर रविवारी फोनवर ऐकवायचो.

दिवाळीनंतर धान निघालं. मी फोन केला.

"जेवण कसं करतं गा तू?"

"डबा लावला आहे, बाबा."

"तांदूळ कुठला असते त्यात?"

"मले काय मालूम!"

गोंदिया जिल्ह्यातला पोरगा, आणि भात विकतचा! "मंग पैसा उरन कसा तुमच्याजवळ?" मी कडाडलो. आमच्या घरी नव्या धानाचा पहिला भात आपल्याच चुलीवर शिजवून खायची रीत आहे. पोराला रीतही शिकवावी आणि काटकसरही, म्हणून नव्या तांदळाची पंचवीस किलोची चुंगडी आणि भात शिजवायचा गंज घेऊन मी एसटीत बसलो.

खोली तिसऱ्या मजल्यावर. चुंगडी वर नेईपर्यंत मला माझे सगळे पूर्वज दिसले.

"खोलीत शिजवता येत नाई, बाबा. मालकाची अट हाय."

"खोलीत कोण शिजवून राहिलं? वर छत हाय ना!"

"बाबा, नोका ना..."

"तू ड्युटीवर जा. आल्यावर गरम भात खा."

तो गेला. (आजवर त्यानं माझं ऐकलं, एवढीच त्याची चूक.)

छतावर तीन विटा मांडल्या, फुटक्या खोक्याच्या फळ्या तोडून सरपण केलं. वारा फार होता, म्हणून चूल पाण्याच्या काळ्या टाकीच्या आडोशाला लावली. काय पेटली म्हणता! भाताचा वास सुटला आणि मला माझं तारुण्य आठवलं. टाकीचा प्लास्टिकचा पाइप तेवढा दिसला नाही. उष्णतेनं प्लास्टिक मऊ होतं, हे मी पाचवीच्या पोरांना जन्मभर शिकवलं होतं!

पाइप वाकला, फुगला आणि फाट्‌कन फुटला! चूल विझली, गंज कलंडला आणि अर्धकच्चा भात पाण्यासोबत जिन्यानं खाली निघाला. प्रत्येक मजल्यावर एकेक दार उघडलं. पहिल्या मजल्यावर घरमालक शेठजी टॉवेलवर बाहेर आले, तोंडाला साबण.

"मास्टरजी, पानी कहाँ गया?"

"जीने से आ रहा है," मी खरं ते सांगितलं.

संध्याकाळी निखिल परतला, तेव्हा त्याची बॅग, गादी आणि माझी चुंगडी जिन्याखाली मांडलेली होती. डिपॉझिट पाइपमध्ये गेलं होतं. पोरगा ओरडला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं फक्त विचारलं, "भात झाला का, बाबा?"

रात्र त्याच्या मित्राच्या व्हरांड्यात काढली. "कायले भेतं?" मी म्हणालो. "आमी एका दिवसात खोली शोधत होतो!"

तीन दिवस फिरलो. दार उघडायचं, घरमालक आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहायचा आणि तेच विचारायचा.

"फॅमिली है?"

"लग्न व्हायचं हाय."

"नौकरी परमानेंट?"

"कंत्राटी."

दार बंद! लग्न नाही म्हणून घर नाही, आणि घर नाही म्हणून मुलीचे बाप लग्नाला तयार नाहीत. हे पोरगं मला किती वर्षांपासून सांगत होतं, आणि मी त्याला स्लॅब ऐकवत होतो. मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी एक म्हाताऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, "आपको पेन्शन है?"

"है."

"तो आप साथ में रहो, तब दूँगी."

अशा रीतीनं गावी पाच खोल्यांचं घर असलेला मी, साठाव्या वर्षी, दहा बाय दहात भाडेकरू झालो. बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "राहा तिकडंच. इथं लय शांत वाटून राहिलं."

परवा दुपारी मी निखिलला म्हणालो, "आता खोली भेटली. तुह्या लग्नाचं पाहू का?"

"बाबा, तिसरं माणूस झोपन कुठं? अन् पुढच्या महिन्यात कंत्राट संपून राहिलं. पुढचं सायेबानं अजून काई सांगतलं नाई."

मी खोलीभर पाहिलं. पाहायला फार वेळ लागला नाही. याला सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं, आणि मास्तरला बोलायला काही उरलं नाही की त्याला राग येतो. त्याचा आला, साहेबांचा आला, माझा तर फारच आला! मी ताडकन उठलो, चप्पल घातली आणि दाराशी गेलो. दार आत उघडतं, आणि दाराला लागून त्याची खाट.

"निखिल, बाळा," मी म्हणालो, "जरा उठून खाट उभी करतं का? मले रागानं बाहेर जायचं हाय."