अनसूयेचा कळक

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे मजकूर वाचण्यापूर्वीच कोणीतरी गेल्याचे कळले. 'गं. भा. अनसूया गुरुवारी तापाने वारली, कळावे.' एवढेच. अनसूया माझी सख्खी धाकटी बहीण. तिच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे आबांनी, फलटणला माणूस पाठवून तार केली असती तर मी सांगलीहून त्याच दिवशी निघालो असतो आणि मला तिचे तोंड दिसले असते. पोस्टकार्ड चौथ्या दिवशी आले. जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार म्हणून मी हयात घालवली. समन्स वेळेवर न बजावण्यामागे काय हेतू असतो, ते मला शिकवावे लागत नाही. तरीही आजचा माझा राग त्या उशिराबद्दल नाही. तो त्या कार्डावरच्या, विधवेच्या नावामागे लावतात त्या पहिल्या दोन अक्षरांबद्दल आहे.

अनसूयेचे यजमान फौजेत हवालदार होते. पासष्टच्या लढाईत ते गेले. फलटणच्या वरच्या अंगाला, जिथे पाटाचे पाणी पोहोचत नाही, अशा गावात तिच्या वाट्याला थोडी जमीन आणि भावकीच्या सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी आली. पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवायचा नाही, असा तिने हट्ट धरला, म्हणून तिला सही करायला मी शिकवले. त्यानंतरचे पाडवे मी पाहिले आहेत. गुढीचा कळक ती आदल्या दिवशी कढत पाण्याने धूत असे, त्याला तेल लावी, तांब्या चिंचेने लखलखीत घाशी, कडुलिंबाचे डहाळे आणून ठेवी... आणि गुढी उभारण्याची वेळ झाली की आपण होऊन माजघरात जाऊन दार ओढून घेई; बाहेरून कोणीतरी कडी घाली. वर्षाच्या पहिल्या सकाळी जे पहिले दृष्टीस पडेल तसे वर्ष जाते, अशी त्या घराची समजूत होती. आबा गुढी उभी करीत, सगळे नमस्कार करीत, गूळ आणि कडुलिंब वाटला जाई, आणि मग कोणीतरी माजघराच्या कडीला हात लावी. एका पाडव्याला तो हात माझा होता. मी दार उघडले, तिच्या हातावर कडुलिंब ठेवला आणि पुरणपोळी खायला बसलो. वर्तमानपत्रांना एसटीच्या वेळांपासून नगरपालिकेच्या दिव्यांपर्यंत मी पत्रे लिहिली आहेत. या कडीबद्दल एकही लिहिले नाही.

बहात्तर साली सव्वीस जानेवारीला ग्रामपंचायतीने तिला झेंडा फडकवायला बोलावले. बांगलादेशाची लढाई नुकतीच जिंकली होती, गावागावांत फौजींचे सत्कार चालले होते. निमंत्रणावर तिच्या नावामागे 'वीरपत्नी' असे छापले होते. शाळेपुढे भावकी उभी होती. आबांनी स्वतः झेंड्याची दोरी तिच्या हातात दिली आणि टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी पाडवा आला. आदल्या दिवशी मी तिच्याकडे होतो. कळकाला तेल लावता लावता ती म्हणाली,

"आण्णा, शाळंपुढं त्यो बी कळकच हुता न्हवं?"

"हो."

"तवा माझा हात चालला. मग उद्या का चालत न्हाई, ते तुमच्या कायद्यात बगून सांगा."

मी म्हणालो, कायद्यात याला कसलीही आडकाठी नाही. ती हसली आणि म्हणाली, "मग झालं तर." दुसऱ्या दिवशी आबांची गुढी उभी राहण्याआधी तिने आपल्या वाटणीच्या घराच्या दारात स्वतःच्या हाताने गुढी उभारली. लग्नातला शालू बांधला, गाठीची माळ घातली, तांब्या पालथा घातला, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी दारात उभी राहिली. मी तिच्याशेजारी होतो. त्या सकाळइतकी ताठ उभी राहिलेली अनसूया मी पुन्हा पाहिली नाही.

त्याच दिवशी देवळात पंचांगवाचन झाले. पाऊसपाणी चांगले सांगितले होते. पुढे काय झाले ते या जिल्ह्यांत कोणाला सांगायला नको. पाऊस आला नाही. विहिरीने तळ गाठला, माणसे खडी फोडायला गेली. आता कोणीही समंजस माणूस विचारील की, ज्याने चांगला पाऊस सांगितला त्याला कोणी जाब विचारला काय? नाही. त्याला दक्षिणा मिळाली ती मिळाली. जाब विचारला अनसूयेला. तिच्या गुढीने वर्ष नासवले, असे भावकीने ठरवले आणि तिची पाण्याची पाळी बंद केली. चूक कबूल करून लिहून दिल्याखेरीज पाणी नाही. मी धावत गेलो. सामाईक विहिरीवरचा हक्क असा काढून घेता येत नाही, हे आबांना मुद्देसूद सांगितले. आबा शांतपणे म्हणाले,

"पाव्हणं, तुमी दावा लावा. निकाल लागंस्तवर तिच्या म्हशीनं काय प्यायचं, ते बी लिवा अर्जात."

...मी दावा लावला नाही. मी मसुदा केला. 'लिहून देणार गं. भा. अनसूया, कारणे माफीनामा लिहून देते की, माझे हातून अनवधानाने गुढी उभारली गेली, सबब पुनश्च असे होणार नाही...' माझ्या उत्तम, वळणदार, न्यायालयीन अक्षरात. अनवधानाने! मी वाचून दाखवले. तिला राग येईल असे वाटले होते. तिने एवढेच म्हटले, "आण्णा, ते गंभा तेवढं काढा. नुसतं नाव लिवा." मी तिला समजावले की, दस्तऐवजात खाडाखोड चालत नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि मी शिकवलेली सही, मी शिकवलेल्या वळणाने केली. पाळी सुरू झाली. त्यानंतर तिने गुढी उभारली नाही. मात्र दरवर्षी आपला कळक धुऊन, तेल लावून ती पुन्हा आढ्याला टांगून ठेवीत असे. विचारले तर म्हणे, "वाळवी लागंल, म्हणून."

ती गेली आणि आठव्या दिवशी पाडवा आला. मी गावातच होतो. भावकीला सुतक, गल्लीत एकाही दारात गुढी नाही. आबा ओट्यावर बसून म्हणाले, "अन्सीनं जाता जाता आमचा पाडवा बुडिवला." मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, जिचा हात गुढीला चालत नव्हता, तिचे सुतक गुढीला कसे लागते, ते मला सांगा. ती तुमच्या घरची नव्हती तर गुढ्या उभारा. घरची होती तर तो कागद काढा. मग आबांनी घरात जाऊन पंचांगाच्या घडीतून तो माफीनामा आणला आणि माझ्याकडे न पाहता हातात दिला. पंचाहत्तरीच्या माणसाने तो स्वतः उठून आणला, हे मी नोंदवतो. मात्र त्याचा फायदा मी त्यांना देणार नाही.

कळक मी एसटीच्या टपावर टाकून लोणंदला आणला आणि गार्डाशी वाद घालून रेल्वेने सांगलीला. माझ्या पडवीत तो उभा आहे. दरवर्षी एकाच जागी हात फिरून मधली दोन पेरे काळीशार, गुळगुळीत झाली आहेत. तिथे तिची मूठ होती. गेल्या रविवारी मी त्याला तेल लावले. माझे हात त्या जागी नीट बसत नाहीत, ते मोठे पडतात. पुढच्या पाडव्याला तो माझ्या दारात उभा राहील आणि तो उभारायला ज्या बायकांना आजवर माजघरात बसवले गेले, त्यांनी यावे, असे मी या लेखाद्वारे जाहीर करतो.

माफीनामा फाडून टाका, असे घरचे सांगतात. मी फाडणार नाही. पुरावा नष्ट करणे हा गुन्हा आहे. कागदावर सही तिची असली तरी अक्षर माझे आहे, आणि तो लिहिणारा अद्याप हयात आहे.